दोनशे बारा मीटर

प्रिय भट्टीमास्तर,

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या लेकीने फोनवर कळवलं, तेव्हापासून पत्र लिहीन लिहीन म्हणतोय. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हा चाळीस वर्षांचा अनुभव. धावतानासुद्धा तूच बोलायचास आणि मी धापा टाकत नुसतं 'हं हं' करायचो. पत्रात निदान तुला मधे तोंड घालता येणार नाही. तर आधी गुडघा. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितले असतील तर चढ, सांगितले नसतील तर चढू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चार पायऱ्या सांगितल्या की तू चाळीस चढणार, आणि वर वहिनींना घड्याळ लावून बसवणार.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. मला पंचाहत्तर पूर्ण झाली. आठवड्यातले चार दिवस धावतो, दोन दिवस चालतो आणि उरलेल्या दिवशी या सहा दिवसांबद्दल कुरकुरतो, असं आमची ही म्हणते. डाव्या अंगठ्याचं नख पुन्हा काळं पडलंय. ते गळलं की या वयात नवं येईल का, यावर मैदानावर दोन तट पडलेत. हीसुद्धा आता रोज येते मैदानावर. तीन फेऱ्या चालते आणि पाच फेऱ्यांच्या गप्पा मारते. तुझ्या बेकरीच्या जागी चष्म्याचं दुकान झालंय. दुकानदार भला माणूस आहे, पण गल्लीच्या तोंडाशी पोचलो की माझं नाक अजून सवयीने वर जातं, आणि मग काचेमागे ओळीने मांडलेले चष्मे बघून कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. तुझ्या हातचा पाव खाऊन वाढलेली ही अख्खी वस्ती आता पिशवीतला कापून आलेला पाव खाते. त्याने कुणी मरत नाही, पण त्याबद्दल कुणी दोन शब्द बोलतही नाही.

आपल्या धावपटू मंडळाच्या खोलीला रंग काढला. त्यासाठी भिंतीवरचा तो विक्रमांचा फळा खाली उतरवून बाहेर व्हरांड्यात टेकवून ठेवला होता. एवढी वर्षं मान वर करून वाचायची सवय. यंदा पहिल्यांदा पायरीवर बसून डोळ्यासमोर धरून वाचला. 'मॅरेथॉन, पुरुष, सत्तर वर्षे व पुढील.' खाली पाच ओळी. सगळ्यात वर स्टेशनमास्तर, चार तास अकरा मिनिटं. आठवतं ना, तो पहिल्यांदा उतरला तेव्हा मंडळाने त्याच्या मागे सायकलवर एक तरणा डॉक्टर दिला होता, म्हातारा वाटेत आटोपला तर काय घ्या! तिसाव्या किलोमीटरला डॉक्टरच दमून खाली उतरला आणि स्टेशनमास्तर पुढे निघून गेला. लोक म्हणाले, सत्तरीच्या माणसाने याहून जोरात पळणं निसर्गालाच मान्य नाही. सहा वर्षांनी गुरांचा डॉक्टर आला आणि त्याने त्यातली एकोणीस मिनिटं उडवली. निसर्गाने काही हरकत घेतल्याचं कळलं नाही. मग शाळेचा ड्रिलमास्तर, तीन अडतीस. मग तू, तीन एकोणतीस एकवीस. आणि तुझ्याखाली मी. माझे वडील सत्तरीत खिडकीपाशी बसून असायचे. पेलाभर पाणीसुद्धा कुणीतरी हातात आणून द्यायला लागायचं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. आपल्या रक्तामांसात त्यांच्यापेक्षा वेगळं काही असेल असं मला वाटत नाही. फळ्यावरच्या प्रत्येकाने पुढच्याला एवढंच दाखवून दिलं, की बाबा रे, असं केलं तरी माणूस मरत नाही.

तुझी ती धाव मला पावलापावलाने आठवते. दहा वर्षं झाली. तुला नुकतीच सत्तर लागली होती, मी पासष्टचा. शर्यतीच्या दिवशीसुद्धा तू पहिली भट्टी काढून, पाव फळ्यांवर लावून मगच आलास, भुवयांना पीठ तसंच. तिसाव्या किलोमीटरपर्यंत आपण बरोबर होतो आणि मैद्यात पाणी किती घालावं हे तू मला समजावून सांगत होतास. मग एकाएकी गप्प झालास. तू गप्प झालास तेव्हाच मी ओळखलं, आज काहीतरी होणार. बघता बघता तुझी पाठ लहान होत गेली. मी पोचलो तेव्हा तू फुटपाथवर उताणा पडून आभाळाकडे बघत हसत होतास आणि ड्रिलमास्तर, ज्याचा विक्रम तू नुकताच मोडला होतास, तुझ्या पिंढऱ्या दाबत बसला होता.

शेवटच्या वळणावर तू दरवर्षी मला शिव्या घालायचास, तेही आठवतं. तो सगळा मार्ग मीच मोजलेला ना. मोजणी खात्यातला माणूस म्हणून मंडळाने माझ्यावर सोपवलं होतं. सायकलच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, मी स्वतः खिळा ठोकला होता. शर्यतीच्या दिवशी त्या खिळ्यावर लाल पिंप ठेवायचं आणि त्याला वळसा घालून सगळ्यांनी मागे फिरायचं. तिथवर येईतो माणसाच्या पायांत जीव उरलेला नसतो. तू ओरडायचास, 'अरे मोजणीवाल्या, दहा पावलं अलीकडे ठोकला असतास तर तुझं काय जात होतं?' आणि मी म्हणायचो, 'माप म्हणजे माप.' त्याचा मला केवढा तोरा! नोकरीतही तसाच होतो. दोन सख्खे भाऊ हद्दीवरून हातघाईवर आले की मी मधे टेप धरून उभा राहायचो, दोघांच्याही शिव्या खायचो, पण बोटभर जमीन इकडची तिकडे केली नाही.

मग चार वर्षांपूर्वी माझी पाळी आली. मी एकाहत्तरचा, तू शहात्तरचा. तीन अठ्ठावीस एक्केचाळीस. तुझ्यापेक्षा चाळीस सेकंद कमी. अर्ध्या तासाने तू पोचलास, आणि श्वास घ्यायच्या आधी मला अशी मिठी मारलीस की दोन दिवस बरगड्या दुखत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. हातात हा एवढा मोठा पाव, आणि त्यावर पिठाचेच आकडे काढून सोनेरी भाजलेले: तीन, अठ्ठावीस, एक्केचाळीस. हिने विचारलं, 'भावजी, हा कापायचा कसा?' तू म्हणालास, 'सेकंदांपासून सुरू करा वहिनी, तास शेवटी खाऊ.' सगळे हसले. मीही हसलो. दोन तुकडे खाल्लेसुद्धा. ते घशाखाली कसे उतरले ते माझं मला माहीत.

त्यानंतर वर्षभरात तू बेकरी बंद केलीस आणि लेकीकडे राहायला गेलास. जाताना म्हणालास, 'आता पहाटे उठायचं कारण उरलं नाही.' तू भट्टीबद्दल बोलतोयस असं मी समजलो, किंवा तसं समजायचं ठरवलं. पुढे वहिनींनी बोलता बोलता आमच्या हिला सांगितलं की तुला आणखी एक मॅरेथॉन धावायची होती, नवे बूटसुद्धा आणून ठेवले होतेस. पण नंतर म्हणालास, 'माझा विक्रम गेला, आता कशाला उगाच पाय झिजवायचे?' ही मला हे सांगत होती तेव्हा मी बुटाची नाडी बांधत होतो. बराच वेळ बांधत राहिलो.

आता यंदाची गोष्ट सांगतो. तीन आठवड्यांपूर्वी शर्यत झाली. आमच्यात एक नवा माणूस आलाय, तू गेल्यानंतरचा. बत्तीस वर्षं शहरातली बस चालवून निवृत्त झालेला ड्रायव्हर. यंदा त्याला सत्तर पूर्ण झाली. बोलतो कमी. धावताना मागून कोण येतंय हे बघायला अजून उजवीकडे जरा वर बघतो, तिथे आरसा असल्यासारखा. अंगाने काडी, पण दमाचा पक्का. तो माझा विक्रम मोडणार अशी वर्षभर कुजबुज होती. मी यंदा नखामुळे अर्धीच धावलो आणि शेवटच्या रेषेशी जाऊन उभा राहिलो. खरं सांगू? त्याने तो मोडावा म्हणून मी तिथे देव पाण्यात घालून उभा होतो. मोडला म्हणजे माझी ओळ जुनी होईल, जुन्या ओळीकडे कोण बघतं, आणि माझी परस्पर सुटका होईल, असा माझा डाव.

तो आला तेव्हा लंगडत होता. शेवटच्या दोन किलोमीटरांत दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले होते. दात आवळून रेषा ओलांडली. तीन अठ्ठावीस छप्पन्न. पंधरा सेकंदांनी हुकला. त्याला कठड्यावर बसवलं, पाणी दिलं. जरा सावरल्यावर मला म्हणाला, 'दादा, एक विचारू का? तुमच्या त्या धावेचे आकडे मी पाठ केलेत. दर पाच किलोमीटरला तुम्ही पावणेपंचवीस मिनिटं घेतलीत, घड्याळासारखी. फक्त पस्तीस ते चाळीसला तेवीस-बेचाळीस. तिथे माणसाचे पाय उचलत नाहीत, आणि तुम्ही तिथे एक मिनिट वाचवलंत. ते मिनिट कुठून आणलंत? मी वर्षभर त्या एका मिनिटाची तयारी केली. आज तिथेच सगळा जोर लावला, आणि तिथेच पाय गेले.'

त्याच्या आवाजात निव्वळ आदर होता, आणि तोच मला सोसवेना. 'सरावाने येतं,' असं काहीतरी मी पुटपुटलो आणि त्याच्यासाठी केळं आणतो म्हणून तिथून सटकलो.

आता ऐक. ते मिनिट मी कुठूनही आणलेलं नव्हतं. तेवढा रस्ताच नव्हता. त्या वर्षी पाण्याच्या पाइपसाठी सायकलच्या दुकानासमोर खणलं होतं. जिथे माझा खिळा होता तिथे पुरुषभर खड्डा. शर्यतीच्या सकाळी स्वयंसेवकांनी पिंप अलीकडे आणून रंगाच्या दुकानासमोर ठेवलं. त्यांना कशाला दोष द्यायचा, खड्ड्यात का कुणी पिंप ठेवतं? तेवढं कमी झालेलं अंतर दुसरीकडे कुठेतरी वाढवून घ्यायला हवं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एक माझ्याखेरीज. मी त्या पिंपाला वळसा घालत असतानाच मला कळलं होतं, भट्टीमास्तर. रंगाच्या दुकानाची पाटी माझ्या उजव्या हाताला होती आणि ती तिथे असायला नको होती. तुझ्याही पायांना ते कळलं होतं. शर्यत संपल्यावर तू मला म्हणालास, 'यंदा वळण लवकर आल्यासारखं वाटलं रे, म्हातारपणी पाय हलके झाले की काय?' आणि मी म्हणालो, 'तसंच असेल.' माझ्या तोंडून एवढे दोनच शब्द गेले. पण ते गेले.

तुझा पाव संपला आणि मी गणित मांडलं. माझ्या वेगाने चाळीस सेकंद म्हणजे एकशे पस्तीस मीटर. मार्ग एकशे पस्तीसच्या आत कमी भरला असेल तर विक्रम तरीही माझाच राहत होता. या आशेवर एका रविवारी सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसताना मी हिला घेऊन तिथे गेलो. खड्डा बुजवला होता आणि खिळा त्यात गेला होता, पण दुकानाच्या कोपऱ्यापासूनचं त्याचं माप माझ्या वहीत होतं. हिने रंगाच्या दुकानासमोर टेपचं टोक धरलं. मी मोजत गेलो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, साठ येऊ दे, पासष्ट येऊ दे. एकशे सहा आले. जाताना एकशे सहा, परत येताना एकशे सहा. दोनशे बारा मीटर, म्हणजे माझ्या वेगाने त्रेसष्ट सेकंद. पुरं अंतर धावलो असतो तर मी तुझ्या तेवीस सेकंद मागेच राहिलो असतो. टेप गुंडाळताना हिने विचारलं, 'मग आता?' मी म्हणालो, 'बघू.'

त्या 'बघू'ला मी चार वर्षं लावली. आधी वाटलं, आठवडाभर मिरवून घेऊ, मग सांगू. आठवड्यात फळ्यावर अक्षरं चढली. मग धाकट्या नातीने शाळेत आजोबांवर निबंध लिहिला आणि तिला बक्षीस मिळालं. मग तू बेकरी बंद केलीस, आणि तेव्हा सांगायचं तर त्याचं कारण मीच ठरेन अशी भीती वाटली. त्याआधी दोनदा तुझ्या दाराशी येऊन परत फिरलो. एकदा तर बेल वाजवली आणि तू दार उघडल्यावर 'बिस्किटं आहेत का?' असं विचारलं. तुला आठवत असेल. भर दुपारी बेकरी सोडून मी घरी बिस्किटं मागायला कसा आलो म्हणून तू बुचकळ्यात पडला होतास. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

ड्रायव्हरला केळं देऊन मी त्या दिवशी घरी आलो आणि हिला त्याचा प्रश्न सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि एवढंच म्हणाली, 'झालं का बघून?' दुसऱ्या दिवशी सकाळी वही काखेत मारून मंडळाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि सेक्रेटरीला बोलावलं. तो म्हणाला, 'चार वर्षांनी कशाला उकरून काढताय? कुणाची तक्रार आहे का?' मी म्हटलं, 'माझी आहे. लिहून घ्या.' मग पुरावा काय, यावर खल झाला. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंना आपल्या दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातला फोटो आठवला. त्या वर्षी तो पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा चार तासांच्या आत आला होता, अवघ्या तीस सेकंदांनी, आणि पिंपाला वळसा घालतानाचा फोटो त्याने मोठा करून, चौकटीत घालून, पेशंट बसतात तिथे लावलाय. गेलो सगळे. फोटोत त्याच्या डोक्याच्या मागे रंगाच्या दुकानाची पाटी लख्ख दिसत होती. आमची कुजबुज ऐकून तो हातात चिमटा घेऊन बाहेर आला आणि सगळं कळल्यावर ओरडला, 'म्हणजे माझे चार तास?' आत खुर्चीवर एक बाई तोंड उघडं ठेवून वाट बघत होत्या. तो अजून माझ्याशी धड बोलत नाही. माझी दाढ दुखायला लागली तर मी कुठे जावं हा प्रश्नच आहे.

रविवारी पुन्हा माप घेतलं. यावेळी टेपचं टोक सेक्रेटरीने स्वतः धरलं. एकशे सहा मीटर, वर पाच सेंटीमीटर. त्या वर्षीच्या सगळ्या वेळांपुढे 'मार्ग अपुरा' असा शेरा पडला आणि माझी ओळ फळ्यावरून काढायचं ठरलं. रंगारी होताच. माझ्या नावावरून सँडपेपर फिरवता फिरवता त्याने मला विचारलं, 'काका, हे गृहस्थ वारले का?' मी म्हटलं, 'नाही, सुधारले.'

त्याच दिवशी ड्रायव्हरच्या घरी गेलो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाल्कनीत धावायचे बूट वाळत घातलेले. तो बादलीत पाय सोडून बसला होता. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बसलो असतो तर पुन्हा बिस्किटं मागितली असती. तो बादलीतल्या पाण्याकडे बघत ऐकत होता. वाटलं, आता हा उठेल आणि मला जिन्याची वाट दाखवेल, आणि तसं केलं असतं तर मी मुकाट्याने गेलो असतो. मग त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता. 'म्हणजे दादा, मी वर्षभर नसलेल्या रस्त्याच्या मागे लागलो होतो!' डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, 'पाय दुखले त्याचं काही नाही. पण तुम्ही मला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. केळं आणायला गेलात.' मी मान खाली घातली. त्यावर त्याने बायकोला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. कप हातात देताना विचारलं, 'आणि ज्यांचा विक्रम खरा होता, त्यांना कळवलंत?'

म्हणून हे सगळं तुला सविस्तर लिहिलं. मला आता बरं वाटतंय, हेही लिहायला हरकत नाही. परवा आम्ही दोघं पंचवीस किलोमीटर गेलो. त्याला बोलायची सवय नाही, त्यामुळे सगळी बडबड मी केली. मला इतकं बोलता येतं हे मला या वयात कळलं. त्याने दोनदा मला जरा दमाने घ्यायला सांगितलं. मंडळाने यंदापासून 'ऐंशी वर्षे व पुढील' असा नवा रकाना काढलाय. तो अजून कोरा आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, त्यात पहिला जो कुणी शर्यत पुरी करेल, मग ती सात तासांत का असेना, विक्रम त्याच्याच नावावर. मला अजून पाच वर्षं आहेत. तू आजच त्या वयात बसतोस, पण तुझ्या गुडघ्याकडे बघून मी तोंड मिटून घेतो.

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मैदानावर ड्रायव्हरला विक्रमाची शिल्ड द्यायची आहे. ती कुणाच्या हातून द्यायची असं विचारलं, तर तो म्हणाला, 'ज्यांचा मोडला त्यांच्याच हातून.' म्हणजे तुझ्या. माझ्यामुळे तू चार वर्षं स्वतःला हरलेला समजत राहिलास, आणि या चार वर्षांत तुला कुणीही हरवलेलं नव्हतं. तुझा विक्रम सहा वर्षं नाही, दहा वर्षं टिकला. तू खरा हरलास तो तीन आठवड्यांपूर्वी, पुऱ्या अंतरावर, पंचवीस सेकंदांनी, आणि ज्याने तुला हरवलं त्याला तुला भेटायचंय. त्यासाठी मी तुला बोलावतोय. माझ्या वाट्याची माफी मी या कागदावर मागत नाही. समोर बसून मागेन आणि तू देशील न देशील तेही समोरच ऐकेन. वहिनींना घेऊन आदल्या दिवशीच ये. हिने मागची खोली झाडून ठेवलीय, पलंग खिडकीपाशी हलवलाय, आणि घरात पायरी एकच आहे. मी स्टेशनवर येतो. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, शिव्या द्याव्याशा वाटल्या तर प्लॅटफॉर्मवरच सुरू कर, पण ये.

तुझाच,
मोजणीवाला